काकाजींचा तिसरा रकाना

संख्याशास्त्र मी नागपूरला कॉलेजात शिकलो, पण ते आधी शिकवले आंधळगावच्या एका विणकराने. आमच्या घराला लागून त्यांचे घर. रक्ताचे नाते काही नव्हते, तरी आम्ही सगळी पोरे त्यांना काकाजीच म्हणायचो. शाळा त्यांची फार झालेली नव्हती. टक्केवारी हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण पत्त्यांच्या डावात समोरचा माणूस ‘वाढवतो’ तेव्हा त्याच्या हातात काय असेल, हे मोजून कसे ठरवायचे ते मला त्यांनी दाखवले. आज पोकरवरची जाडजूड पुस्तके आणि हजारो डाव साठवणारी सॉफ्टवेअर हाताशी आहेत. त्यांतला एक आकडा लोक हमखास पाहतात, त्याचा पाया मी काकाजींच्या छपरीतच शिकलो होतो.

मोहाडी तालुक्यातले आमचे गाव कोशासाठी ओळखले जाते. जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे हे रेशीम. त्याला लोक टसर म्हणतात, आम्ही कोसाच म्हणतो. कोसे वजनावर नाही, नगावर विकले जातात. त्यामुळे मोजणे काकाजींच्या बोटांतच होते. ढिगातून पाच-पाच कोसे उचलून बाजूला सारताना त्यांचे ओठ हलत नसत, गप्पाही थांबत नसत, आणि शेवटी आकडा बिनचूक यायचा. ताण्याचे धागे मोजायचे, बाण्याचे फेरे मोजायचे. दिवसभर मागावर हेच.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, रात्री दंडार असते आणि दुपारी छपरीत तीन पत्तीचा डाव बसतो. काकाजींच्या छपरीत मात्र पैसा चालत नसे. चिंचोके चालायचे. प्रत्येकाला मूठ-मूठ चिंचोके वाटून द्यायचे आणि डाव मोडला की सगळे परत डब्यात. एकदा बाहेरगावच्या कोणी खिशातून नोट काढली, तेव्हा काकाजींनी पाने गोळा करून गड्डी उशाखाली ठेवून दिली. बोलले काहीच नाहीत. नोट परत खिशात गेली तेव्हाच गड्डी बाहेर आली.

मी लहान होतो, म्हणून मला खेळायला बसवत नसत. काकाजींनी माझ्या हातात चौकटीची वही आणि पेन्सिल दिली. पानावर चार रकाने पाडले. पहिल्यात नाव. दुसऱ्यात त्या माणसाने किती वेळा पाने उचलून पाहिली. तिसऱ्यात पाने पाहिल्याबरोबर किती वेळा चाल वाढवली. चौथ्यात किती वेळा टाकली. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असे जुडगे बांधत जायचे. कोण जिंकले, याला रकानाच नव्हता. मी विचारले तेव्हा म्हणाले, “कोन जितला ते नोको पाहू बाबू. जितनं पानाच्या हाती आहे. तो कितीकदा वाढवते, ते त्याच्या सोभावात आहे. सोभाव लिहून ठेव.”

दुसरा रकाना कशाला, हेही मला तेव्हा कळत नव्हते. त्यांनी समजावले की नुसते ‘दहादा वाढवले’ म्हटल्याने काही कळत नाही. बारा वेळा पाने पाहून दहादा वाढवणारा निराळा आणि शंभरदा पाहून दहादा वाढवणारा निराळा. भागाकारात खाली काय घ्यायचे हा प्रश्न संख्याशास्त्रात फार मोठा आहे. भल्याभल्यांचे निष्कर्ष तिथेच कोसळतात. मला तो प्रश्न पेन्सिलीच्या दोन रकान्यांत मिळाला.

मग खरी गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्यांत एक जण सगळ्यांना फार धाडसी वाटायचा. त्याने चाल वाढवली की निम्मे लोक पाने टाकून द्यायचे. काकाजींनी माझी वही घेतली, दोन दिवसांच्या रेघा मोजल्या आणि म्हणाले, याने दहात चारदा वाढवले आहे, आणि दहात चारदा कोणाला चांगली पाने येतच नाहीत. हे त्यांना कसे माहीत? बाण्याच्या कांड्या भरून ठेवल्यावर ते रिकाम्या वेळी एकटेच गड्डी पिसायचे, तीन पाने उलटायचे, जोडी किंवा त्याहून मोठे काही आले की रेघ ओढायचे. पुन्हा पिसायचे. कितीतरी पावसाळे हे चालले असावे. त्यातून त्यांना एक गोष्ट पक्की सापडली होती: चारात एक. चार वेळा पाने आली तर एकदा जोडी किंवा त्यावरचे काही, बाकी तीनदा नुसती सुटी पाने.

कॉलेजात गेल्यावर मी हा हिशोब कागदावर केला. बावन्न पानांतून तीन पाने निवडण्याचे २२,१०० प्रकार. त्यांत एकसारख्या तिन्ही पानांचे ५२, एकाच रंगाच्या सलग पानांचे ४८, साध्या सलग पानांचे ७२०, एकाच रंगाच्या पानांचे १,०९६ आणि जोडीचे ३,७४४. बेरीज ५,६६०. म्हणजे शंभरात २५.६. काकाजींचे ‘चारात एक’ माझ्या वहीत उतरले तेव्हा मी वर्गात एकटाच बसून राहिलो. सूत्र त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्याकडे धीर होता आणि रेघा खऱ्या ओढण्याचा प्रामाणिकपणा होता. एखादी रेघ जास्त ओढली असती तरी कोण विचारणार होते?

त्या धाडसी माणसाला आता दुसऱ्या बाजूने पाहा. त्याला चांगली पाने दहात अडीच वेळा येणार आणि तो वाढवणार चार वेळा. म्हणजे त्याच्या प्रत्येक आठ वाढवण्यांत निदान तीन तरी सुट्या पानांवरची. हे कळल्यावर काकाजी त्याच्यासमोर साधी जोडी घेऊनही निवांत बसायचे. आणि एक म्हातारे बाबाजी होते, ते शंभरात चार-पाच वेळाच वाढवायचे. त्यांनी चिंचोके पुढे सरकवले की काकाजी बरी जोडीसुद्धा हसत टाकून द्यायचे. पाने तीच, चालही तीच. समोरच्याचा तिसरा रकाना वेगळा म्हणून उत्तर वेगळे.

पोकर मला नोकरीच्या गावी भेटले. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती त्याने एकट्याने पाहायची. त्यानंतर मधोमध सगळ्यांसाठी तीन पाने उघडतात, त्याला फ्लॉप म्हणतात. फ्लॉप उघडण्याआधी, फक्त आपल्या दोन पानांच्या बळावर, माणूस शंभरात किती वेळा डाव वाढवतो, या आकड्याला पोकरवाले ‘पीएफआर’ म्हणतात. मित्राने संगणकावर तो दाखवला तेव्हा मला नवीन असे काही वाटले नाही. हा तर तिसरा रकाना होता.

त्याच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, ‘व्हीपीआयपी’: शंभरात किती वेळा माणूस आपणहून डावात उतरतो, वाढवून किंवा नुसती बरोबरी करून. दोन्ही एकत्र वाचले तरच अर्थ लागतो. व्हीपीआयपी २२ आणि पीएफआर १८ असे आकडे असतील तर हा निवडून उतरतो आणि उतरला की बहुतेक वेळा वाढवूनच उतरतो. ४० आणि ५ असतील तर तो जवळपास काहीही घेऊन फ्लॉप पाहायला येतो, पण वाढवतो तेव्हा हातात खरेच काही असते. त्याच्या वाढवण्यापुढून बाजूला व्हावे. ४० आणि ३२ वाला मात्र आमच्या गावच्या त्या धाडसी माणसाचा भाऊ. चांगली पाने असतील तर त्याच्यावर उलट वाढवावे.

आकड्यामागची पाने मोजता येतात. दोन पानांचे एकूण १,३२६ प्रकार होतात. कोणत्याही एका जोडीचे सहा, एक्का-राजाचे सोळा. समजा एखाद्याचा पीएफआर ३ आहे. एक्के, राजे, राण्या आणि गुलाम या चार जोड्यांचे मिळून २४, त्यात एक्का-राजाचे १६, झाले ४०. १,३२६ पैकी ४० म्हणजे शंभरात तीन. तेव्हा असा माणूस वाढवतो तेव्हा साधारण एवढ्यातलेच काही त्याच्याजवळ असणार. वीस पीएफआर असेल तर हेच प्रकार २६५ च्या आसपास जातात आणि त्यांत मध्यम पाने पुष्कळ येतात. आकडा किती पाने ते सांगतो. नेमकी कोणती, ते खेळ पाहूनच कळते.

इथे घाई केली की आकडा फसवतो. काकाजी मला वहीच्या पहिल्या पानावरून निकाल लावू देत नसत. म्हणायचे, “दहा कोसे पाहून ढिगाचा भाव करू नोको.” याचे गणित असे की एखाद्याने पन्नास डावांत दहादा वाढवले तर आकडा २० दिसतो, पण त्याचा खरा स्वभाव ९ पासून ३१ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे भित्राही असू शकतो आणि बेफामही. तोच २० हा आकडा एक हजार डावांवरून आला असेल तर खरा आकडा साधारण साडेसतरा ते साडेबावीस यांत असतो. पडद्यावर दोन्ही वेळा ‘२०’ हेच दोन अंक दिसतात. किती डावांवरून आले, ते पाहायला नवखे विसरतात. मी कधी विसरलो नाही, कारण कोशाचा ढीग डोळ्यांपुढे होता.

बसण्याच्या जागेचेही तसेच. फ्लॉपच्या आधी ज्याला सगळ्यांत पहिले बोलावे लागते त्याच्यामागे अजून सगळे बाकी असतात, म्हणून शहाणा माणूस तिथून कमी वाढवतो. पाने वाटणाऱ्याच्या जागेवर बसला की तोच माणूस कितीतरी जास्त वाढवतो, कारण फ्लॉपनंतर त्याला सगळ्यांच्या मागून बोलायला मिळते. दोन्हींची सरासरी वीस आली, तरी पहिल्या जागेवरून वाढवलेले वीस समजून वाचायचे नसते. ते बहुधा दहा-पंधराच असतात. काकाजी नावाच्या पुढे बारीक ठिपका देऊन वाटणाऱ्याच्या उजव्या-डाव्या हाताला कोण, ते टिपायचे. तीन पत्तीत जागेला पोकरइतके मोल नाही, तरी त्यांची नजर तिथवर गेली होती.

मोजण्याच्या विद्येची एक जुनी गोष्ट, नल राजाची, त्यांनीच सांगितली. कीर्तनात ऐकलेली, पुढे मी महाभारताच्या वनपर्वात वाचली. द्यूतात सारे गमावलेला नल बाहुक नावाने सारथी झाला आहे. तो ऋतुपर्ण राजाला घेऊन विदर्भात, दमयंतीच्या माहेरी कुंडिनपूरला निघाला आहे. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण फांद्या पाहून पाने किती, फळे किती ते सांगून टाकतो. नल थांबून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षांचे, म्हणजे फाशांचे, रहस्य शिकवतो. बदल्यात नलाने अश्वविद्या द्यायची असते, पण राजा म्हणतो, ती तुझ्याजवळच ठेव म्हणून राहू दे, मी पुढे मागेन. संभाव्यतेचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात या कथेची दखल घेतली आहे, कारण काही फांद्यांवरून साऱ्या झाडाचा अंदाज आणि फाशांचा खेळ हे दोन्ही तिथे एकत्र येतात. आमच्या जिल्ह्यात बेहडा भरपूर. अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर हेच ते कुंडिनपूर, असे आपण मानतो. काकाजींना या गोष्टीत जुगार दिसत नसे. त्यांना दिसे थांबून मोजणारा नल.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूला ठेवला. पाने येण्यापुरते ते खरेच आहे. माणूस कितीदा वाढवतो, ते मात्र नशिबाचे नसते. तरीही पैसा लावण्याच्या बाबतीत मी काकाजींच्या बाजूचा आहे. मोबाइलवर रमी आणि पोकर खेळून कर्जात बुडालेली तरुण पोरे मी पाहिली आहेत. समोर कोण आहे, तो कितीदा वाढवतो, याची एकही रेघ त्यांच्याजवळ नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. मला तो निर्णय योग्य वाटतो. माणूस कितीदा वाढवतो हा आकडा शिकायला पैसा लागत नाही, डबाभर चिंचोके पुरतात.

काकाजी आता नाहीत. त्यांचा विणायचा माग घरच्यांनी काढून टाकला, जागा लागत होती. फेड म्हणून त्यांना मी काय देणार होतो? नलाजवळ राहिली तशी त्यांची विद्या माझ्याजवळ ठेव आहे असे मानतो, आणि संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला मुलांना सूत्र देत नाही. गड्डी देतो, चौकटीचा कागद देतो आणि रेघा ओढायला लावतो. चारात एक त्यांचे त्यांना सापडते. मगच २२,१०० फळ्यावर लिहितो.

वाचकहो, या दिवाळीत घरी पत्ते बसतील तेव्हा पैसा बाजूला ठेवा आणि घरातल्या एका लहान मुलाच्या हाती वही द्या. चार रकाने पाडा. पाने किती पाहिली ते लिहायला विसरू नका, आणि वही निम्मी भरेपर्यंत कोणाबद्दल मत बनवू नका.