चाकांवरचे घर आणि दोघांची वही



पौषातली थंडी म्हणजे आपल्याकडे कामाची थंडी. गहू-हरभऱ्याला पाणी, तुरीची मळणी, उसाची तोड. अंगावर घोंगडी घेऊन रात्री पाण्याचे बारे मोडणाऱ्या माणसाला कोणी सांगितले, की "शेत तसेच ठेवा आणि चार महिने फिरून या," तर तो सांगणाऱ्यालाच वेड्यात काढील. पण जगात असाही शेतकरी आहे, की ज्याच्या रानावर थंडीत गुडघाभर बर्फ साचते आणि त्या दिवसांत रानात करण्यासारखे काही उरत नाही. अशाच एका वयस्कर शेतकरी जोडप्याची आणि त्यांच्या चाकांवरच्या घराची हकिकत आज तुम्हाला सांगणार आहे. हकिकत गमतीची आहे, पण तिच्यात एक गोष्ट अशी निघाली, की ती ऐकून मी स्वतः ओशाळलो.

2023 च्या जानेवारीत आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो. जावईबापू ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात नोकरीला. एका रविवारी ते म्हणाले, "चला, तुम्हाला एक वेगळीच जत्रा दाखवतो." पश्चिमेकडे सुमारे 200 किलोमीटर गेलो. दोन्ही बाजूंना उजाड माळ, दगडी डोंगर आणि दोन-दोन पुरुष उंचीचे खांबासारखे निवडुंग. मग क्वार्ट्झसाइट नावाचे गाव लागले. 2020 च्या जनगणनेत या गावाची वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आत भरली. पण थंडीत पाहाल तर गावाबाहेरच्या माळावर नजर पोचेल तिथवर पांढरी घरे! साऱ्या घरांना चाके.

हे चाकांचे घर म्हणजे काय, ते सांगतो. आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याची बंदिस्त खोली उभी केली आहे असे समजा. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास आणि लहानसा फ्रीज. खाली पाण्याची टाकी, पुढच्या बाजूला गॅसच्या दोन टाक्या, छपरावर सौर पत्रे. याला तिकडे ट्रेलर म्हणतात. तो पिकअप गाडीच्या मागे हुकाला अडकवायचा आणि निघायचे. उत्तरेत बर्फ पडू लागले, की असे हजारो ट्रेलर दक्षिणेच्या उबेला येतात. या लोकांना तिकडे नावच पडले आहे 'स्नोबर्ड', म्हणजे बर्फातली पाखरे. भिगवणच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात, तसे हे उतरतात आणि ऊन तापू लागले की परत जातात.

ही जमीन सरकारी. 1983 पासून तिथे रीतसर परवाना देऊन लोकांना राहू देतात. परवान्याची मुदत 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. क्वार्ट्झसाइटजवळचा असा एक तळ सुमारे 11 हजार एकरांचा आहे. मात्र आपल्या जागेवर वीज नाही, नळ नाही. पाणी ठरावीक ठिकाणाहून भरून आणायचे, सांडपाणी आणि मैला ठरवून दिलेल्या जागीच रिकामा करायचा.

गावात एक दगडी मनोरा पाहिला. त्यावर उंटाची आकृती. 1856 मध्ये अमेरिकेच्या लष्कराने या कोरड्या मुलुखात ओझी वाहण्यासाठी उंट आणून पाहिले, आणि त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा सीरियाकडचा उंटवाला आला. उंटांचा प्रयोग पुढे बारगळला, पण तो माणूस इथेच राहिला आणि 1902 मध्ये वारला. त्याची ही समाधी. परमुलखातून आलेला माणूस शेवटी या माळाचाच होऊन गेला.

तळावर फिरताना एक गृहस्थ आमच्याकडे पाहून हसले. वय सत्तरीच्या पुढचे, हात शेतकऱ्याचे. मी शेतीखात्यातला आहे हे कळताच त्यांनी लगेच दोन खुर्च्या मांडल्या. ते नॉर्थ डाकोटा राज्यातले. रेड नदीच्या खोऱ्यात गहू आणि साखरेचे बीट करतात. आता शेती मुलाकडे. विशेष म्हणजे त्यांचाही साखर कारखाना शेतकऱ्यांच्याच मालकीचा. 1973 मध्ये तिथल्या बीट उत्पादकांनी एकत्र येऊन कंपनीच विकत घेतली. आपला ऊस तोडल्यावर लगेच गाळावा लागतो, नाही तर उतारा घटतो. त्यांचे बीट ऑक्टोबरात काढून उघड्यावर ढिगाने रचून ठेवतात. थंडीच इतकी, की ढीग गोठून तसेच टिकतात आणि कारखाना हिवाळाभर चालतो. बर्फाचासुद्धा उपयोग करून घेतला म्हणा!

इतक्यात आजीबाई बाहेर आल्या. आमच्या मंडळींना इंग्रजी येत नाही आणि आजीबाईंना मराठी. पण पाच मिनिटांत दोघी ट्रेलरच्या शेगडीपाशी उभ्या, आणि मुलगी मधे राहून एकीचे दुसरीला सांगते आहे. आजोबा मला त्यांच्या फजितीच्या गोष्टी सांगू लागले. बारा हिवाळे झाले, आणि एकही हिवाळा फजितीवाचून गेला नाही म्हणाले.

पहिल्याच वर्षी निघायला उशीर झाला. उणे वीस अंशांची थंडी. नळ्यांतले पाणी काढून त्यांत न गोठणारे गुलाबी औषध भरून ठेवायचे असते, ते राहून गेले. पाणी गोठले की फुगते. दक्षिणेला येऊन टाकी भरली, तर पलंगाखालून कारंजे! नळी चार ठिकाणी फुटलेली.

दुसऱ्या वर्षी माळावर रात्री कडाक्याची थंडी पडली. गॅसची टाकी भरलेली, पण ऊब देणारी भट्टी बंद. कारण भट्टीचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी संध्याकाळभर दिवे लावून बसवलेली. आजोबांनी शक्कल काढली. शेगडीचे चारी बर्नर पेटवले आणि खिडक्या घट्ट लावून झोपले. मध्यरात्री भिंतीवरची विषारी वायूची घंटा वाजू लागली. ती नसती तर दोघे उठलेच नसते. बंधूंनो, हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. आपल्याकडेही थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून लोक झोपतात आणि सकाळी उठत नाहीत. शेगडी निजायच्या खोलीत ठेवूच नका.

तिसरी फजिती आजीबाईंची. त्यांना रंगीत दगड जमवायचा नाद. या गावात दर जानेवारीला दगडांचा मोठा बाजारच भरतो. त्यांनी खोकीच्या खोकी भरून ट्रेलरच्या मागच्या बाजूला पलंगाखाली लावली. परतीच्या रस्त्यावर जोराचा वारा सुटला आणि ट्रेलर सापासारखा वळवळू लागला. गाडी उलाळ झाली की काय होते ते आपल्याला ठाऊकच आहे. जू वर उचलते आणि बैलांचा ताबा जातो. ट्रेलरचे तेच. त्याच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर पडला पाहिजे, तरच तो सरळ चालतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, वेग सोडायचा आणि नुसत्या ट्रेलरचा ब्रेक हळूच लावायचा. आजोबांना हे ठाऊक होते म्हणून वाचले. दगड तिथेच रस्त्याकडेला उतरवले. "त्यातले चांगले होते ते मी पायाशी घेऊन बसले," आजीबाईंनी मधेच सांगितले.

हसता हसता आजोबा थांबले. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही."

मार्चचा महिना. याच जागेवर पहाटे आजोबांच्या छातीत कळ आली. गावात इस्पितळ नाही, जायचे तर दुसऱ्या गावाला. शेजारच्या ट्रेलरमधल्या माणसाने रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात आजोबांना विचारले, कोणती औषधे घेता? विम्याचा नंबर काय? त्यांना काही सांगता येईना. ते सारे आजीबाई पाहायच्या, आणि आजीबाई तर मागे राहिलेल्या. तिकडे आजीबाईंना निघायचे होते, तर गॅस कुठून बंद करायचा, पिकअपला अडकवलेला ट्रेलर कसा सोडवायचा, काही ठाऊक नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. बीटचा ट्रक चालवलेली बाई, पण ट्रेलर नेहमी आजोबांनीच जोडला आणि आजोबांनीच ओढला. "आम्ही दोघेही अर्धे अर्धे शहाणे होतो," आजोबा म्हणाले.

रक्तवाहिनीत जाळी बसवून आजोबा वाचले. पण काही आठवडे त्यांनी गाडी चालवायची नाही, जड उचलायचे नाही, अशी ताकीद. परवान्याची मुदत 15 एप्रिलला संपणार. घर जवळजवळ 2,800 किलोमीटर लांब. मुलगा पेरणीच्या तयारीत. तो येतो म्हणाला, आजीबाई नको म्हणाल्या. तळावरच्या शेजाऱ्यांनी माळावर रिकामे डबे मांडून त्यांना आठ दिवस शिकवले. सर्वांत अवघड काम ट्रेलर मागे घेण्याचे. स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे जातो. त्यावर त्यांना एक युक्ती दाखवली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. हात चाकाच्या वरच्या बाजूला न धरता खाली मधोमध धरायचा. मग ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यायचा. आपल्या दोनचाकी ट्रॉलीलाही ही युक्ती चालते. चारचाकी ट्रॉलीचे वागणे मात्र वेगळे.

आजीबाईंनी तो ट्रेलर सहा मुक्काम करून घरी नेला. आजोबा शेजारी बसून होते. "एक शब्द बोलायचा नाही, अशी अट होती," ते म्हणाले. "सहा दिवस गप्प बसणं हाच माझा खरा आजार होता."

तेव्हापासून ट्रेलरच्या दाराशी एक वही टांगलेली असते. हूक, पिन, साखळी, दिवे, पायरी, गॅस, खिडक्या. निघण्यापूर्वी एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने हात लावून पाहायचे. मागच्या पानांवर औषधे, विमा, बँक, मुलांचे फोन. एक दिवस ते चालवतात, एक दिवस त्या.

तुम्ही म्हणाल, ही हौशी माणसांची कथा, आपला तिच्याशी काय संबंध? आपल्याकडेही थंडीत संसार ट्रॉलीत घालून निघणारी जोडपी आहेतच. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. ती पोटासाठी निघतात, त्यांच्या वाट्याला पालाची खोप येते. ही हौसेने निघतात. या दोघांची बरोबरी करण्याचे धाडस मी करणार नाही. पण एक मोडला तर दुसऱ्याने काय करायचे, हा प्रश्न माळावरच्या ट्रेलरला, उसाच्या फडाला आणि तुमच्या-माझ्या घराला सारखाच आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत आमच्या मंडळी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "समजा तुम्हाला असं काही झालं, तर सोसायटीच्या कर्जाची कागदं कुठं आहेत? विहिरीवरची मोटर बंद पडली तर कुणाला बोलवायचं?" मी म्हणालो, "तुला कशाला हवंय ते?" त्या म्हणाल्या, "बरं. मग माझी रक्तदाबाची गोळी कोणती, ते तुम्ही सांगा."

मला सांगता आले नाही. गावोगावी मेळाव्यांत उभा राहून लोकांना शहाणपण सांगणारा मी, माझ्याच घरात अर्धा शहाणा निघालो.

घरी आल्यावर पहिले काम वहीचे केले. दोनशे पानी साधी वही, देवघराशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधलेली. सातबारा कुठे आहे, कर्ज किती आणि हप्ता कधी, पीक विम्याची पावती, बँकेच्या पुस्तकावर वारस कोण, कोणाकडून येणे, कोणाचे देणे, कोणाला कोणती गोळी. मोटारीचा स्टार्टर त्या आता स्वतः चालवतात. हात ओला असताना आणि पायात चप्पल नसताना त्याला शिवायचे नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मला डाळ-तांदूळ किती दिवस पुरतात ते शिकवले, आणि अजून मी त्यात कच्चाच आहे.

आजी-आजोबांचा निरोप जावयांमार्फत अधूनमधून येतो. गेल्या खेपेला कळवले होते, की यंदा टायर फुटला नाही, पण दारावरची कापडी छत्री वाऱ्याने उडून शेजाऱ्याच्या छपरावर जाऊन बसली. पुढे एक ओळ आजीबाईंची होती. वही लिहिलीत का, असे त्यांनी विचारले होते.

आम्ही लिहिली. तुमच्या घरात आज रात्री जेवणे झाल्यावर कोरी वही सापडते का, तेवढे बघा.