नांगी आणि थेंब

डोळ्याला मधमाशी चावली असं सांगत कुणी आलं, की मी आधी विचारतो, कधी? पहिल्याच दिवशी बुबुळ सुजून धुरकट झालं असेल, तर ते बहुधा विषाचं काम. विषातलं मेलिटिन पेशींचं आवरणच फोडतं. पण उतरू लागलेलं दुखणं दोन-तीन दिवसांनी पुन्हा उसळलं, डंखाभोवती पांढरा डाग धरला, बुबुळामागे तळाशी पू साचला, तर जंतू शिरले असं धरायचं. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. कुसळासारखी ती शिरते सहज, निघताना मात्र अडते. बुबुळ मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यामुळे हिसका देऊन चालत नाही. भुलीचे थेंब घालून, मायक्रोस्कोपखाली सुईच्या टोकानं वाट किंचित रुंद करायची आणि मग चिमट्यानं नांगी अलगद उचलायची. खोलवरची, त्रास न देणारी नांगी तशीच ठेवणारे डॉक्टर आहेत. माझा ओढा काढण्याकडेच. गांधीलमाशी बहुतेक वेळा नांगी परत घेऊन जाते, पण जखम उघडीच राहते.

खरी कसोटी थेंबांची. विषाच्या सुजेवर स्टिरॉइड गुणकारी, पण जखमेत बुरशी शिरली असेल तर तेच घातक. पंचाईत अशी, की स्टिरॉइडनं लाली उतरते, रुग्ण खूश होतो आणि बुरशी आत पसरत राहते. म्हणून संशय आला की व्रणाच्या कडेचा खरवडा काचपट्टीवर घेऊन बुरशीचे धागे शोधतो. सापडले तर नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध. दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या चाचणीत, २०१३ साली, ते व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकापेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियम बुरशीवर. उपचार मात्र आठवडे चालतो आणि बरं झाल्यावरही बुबुळावर फूल राहू शकतं.

माशीच्या दुखण्याला मधच औषध, असं सांगणारा शेजारी प्रत्येक वस्तीत असतो. डोळा न चोळता स्वच्छ पाण्यानं धुऊन लगेच निघावं, एवढंच तो सांगत नाही.

"मावशी, डोळ्यात काय काय घातलंत?" याचं उत्तर बहुधा पदराच्या गाठीतून निघतं: मेडिकलमधून आणलेली बाटली. त्यावरची बारीक अक्षरं मी भिंगानं वाचतो. डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइडच, दिसलं, तर खरवडा दुपारवर ढकलत नाही.