उस्तादांचं देणं

कमरेला पिस्तूल असतानाही माझे हात शांत राहतात, ही उस्तादांची कृपा.

कंधार तालुक्यातल्या खेड्यातून पोलिस शिपाई म्हणून भरती झाले आणि लातूरजवळच्या बाभळगावला प्रशिक्षणाला आले. तिथे नि:शस्त्र प्रतिकाराचा तास उस्ताद घेत. पडायचं कसं, मनगट सोडवायचं कसं, एवढंच ते घोटून घेत. मला ओढ चांदमारीची. मातीत लोळून काय मिळणार, ते तेव्हा कळत नव्हतं.

पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन फौजदार झाले. नाशिकच्या अकादमीत 9 एमएमचं पिस्तूल हाती आलं. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर नाणं ठेवून, ते पडू न देता घोडा दाबायचा, हा सराव मी मन लावून केला. नेम बसला. नांदेडला नेमणूक झाल्यावर निवृत्त उस्तादांना भेटायला लातूरला गेले. त्यांनी लाकडी पिस्तूल माझ्या कमरेला अडकवलं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काढ." माझा हात मुठीवर पडेतो ते अंगाला भिडले होते.

"पोरी, आधी हात, मंग हत्यार."

अमेरिकेतले पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 साली हेच मांडलं होतं: 21 फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. उस्तादांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्यांच्या हाडात ते मुरलेलं होतं.

मग सुट्टी मिळाली की मी लातूर गाठू लागले. कुणी पिस्तुलाला हात घातला, तर तो हात आपल्या पंजाखाली होल्स्टरवरच दाबून धरायचा, गुडघ्यात वाकून अंग जड करायचं, ती बाजू झटक्यात मागे न्यायची आणि मोकळ्या हाताने त्याच्या कोपरावर घाव घालायचा. दमून हात थरथरू लागले की ते म्हणत, आता नेम धर. कायदाही तेच समजावत. स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरत्या इजेपलीकडे जात नाही. तेव्हा भारतीय दंड संहितेतलं कलम 99, आता भारतीय न्याय संहितेतलं 37. ज्याला फक्त गोळी येते त्याच्याजवळ मधली पायरीच नसते, हे मला त्यांच्यामुळे उमगलं.

एकदा नांदेडच्या वजिराबाद भागातल्या गर्दीत एका दारूच्या नशेतल्या तरुणाने माझ्या होल्स्टरला हात घातला. भोवती बायका, लेकरं. माझा पंजा आपसूक खाली गेला, कंबर वळली, तो गुडघ्यांवर आला. पिस्तूल बाहेर निघालंच नाही, आणि त्या पोरालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रात्री उस्तादांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "पाय कुठं होते?"

आता ठाण्यातल्या मुलींची चांदमारी ठरली की आदल्या आठवड्यात मी त्यांना मातीत उतरवते. पहिला डाव दाखवण्याआधी तो कुणी शिकवला, ते सांगते.