धम्म सांगायला गेलो आणि पाणी भरायला शिकलो

आपल्या चळवळीत 'मिशनरी' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. गाडीच्या काचेवर निळे स्टिकर लावले, १४ एप्रिलला डीजेच्या मागे चार तास चाललो, सकाळी पन्नास जणांना जयभीमचा मेसेज पाठवला, की झालो आपण मिशनरी. आम्हीही अशाच प्रकारचे मिशनरी होतो. आम्ही तिघे. एक नागपूरचा, एक नांदेडचा, एक कल्याणचा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून उत्तर हंगेरीतल्या मिश्कोल्त्स शहरात शिकायला आलो. येताना बॅगेत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती आणि डोक्यात एक मोठा गर्व होता. आपण युरोपात धम्म घेऊन चाललो आहोत, असा तो गर्व. तो गर्व कसा उतरला, ते आज तरुण मित्रांना सांगायचे आहे.

हंगेरीच का, हे आधी सांगतो. इथल्या रोमा समाजातले काही लोक बाबासाहेबांचे नाव घेतात, हे आता आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. देरदाक तिबोर आणि ओर्शोश यानोश या दोघांनी महाराष्ट्रात येऊन आपली चळवळ पाहिली आणि २००७ साली शायोकाझा या गावी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा उभी केली. गोऱ्या लोकांच्या देशात, बर्फात, 'जयभीम' म्हणणारी मुले! हे वाचून आपली छाती फुगते. आमचीही फुगली होती. पण छाती फुगणे वेगळे आणि पाठ वाकवणे वेगळे.

आम्ही जिथे जातो ते गाव दुसरे आहे. त्याचे नाव इथे देत नाही. का देत नाही, ते पुढे येईल. दर शनिवारी सकाळी बसने जायचे, गावाच्या कडेला उतरायचे आणि डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे चालत जायचे. मित्रहो, डांबर कुठे संपते हे पाहिले की वस्ती कोणाची आहे हे जगात कुठेही ओळखता येते. त्यासाठी भाषा यावी लागत नाही. तिथे एका खोलीत मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. असल्या वर्गाला इथे तानोदा म्हणतात. आम्ही गणित आणि इंग्रजी घेतो. मुले आम्हाला 'बाची' म्हणतात, म्हणजे काका.

पहिल्या शनिवारी आम्ही काय केले? फोटो मांडला, मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटले आणि तोडक्यामोडक्या हंगेरियनमध्ये बाबासाहेबांवर वीस मिनिटे भाषण दिले. मुले शांत बसली. आम्हाला वाटले, जिंकले. भाषण संपल्यावर एक म्हातारी बाई, इथे अशा बाईला नेनी म्हणतात, दोन प्लास्टिकचे कॅन घेऊन उठली आणि म्हणाली, "छान बोललात. आता हे जरा भरून आणा, माझी कंबर दुखते."

रस्त्याच्या टोकाला निळा लोखंडी पंप आहे. घरात नळ नसलेली सगळी वस्ती त्यावरच पाणी भरते. जानेवारीत हात लावला तर कातडी चिकटेल असे लोखंड. आम्ही कॅन भरले, पोहोचवले, परत रिकामे आणले. चार फेऱ्या झाल्या. त्या दिवशी आमच्या भाषणातले एकही वाक्य कोणाच्या लक्षात राहिले नाही. पण पुढच्या शनिवारी त्या नेनीने आम्हाला घरात बोलावून बोदाग खाऊ घातले. बोदाग म्हणजे पीठ, पाणी, मीठ आणि सोडा मळून चुलीवर भाजलेली जाड भाकर. हा आमचा पहिला धडा. माणूस आधी तुमचे हात पाहतो, मग तुमचे तोंड ऐकतो.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. याच जिल्ह्यात ओझ्द नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये, ऐन उन्हाळ्याच्या लाटेत, तिथल्या नगरपालिकेने रोमा वस्त्यांतले कित्येक सार्वजनिक पंप बंद केले आणि काहींचा दाब कमी केला. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. म्हणजे महाडनंतर ८६ वर्षांनी, युरोपियन युनियनच्या एका देशात, माणसांचे पाणी तोडले गेले. पाणी हा प्रश्न तहानेचा नसतो, माणूस म्हणून मोजले जाण्याचा असतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या पंपाच्या दांड्यावर हात ठेवला तेव्हा ते कळले.

दुसरा धडा शरमेचा आहे. पहिल्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतल्या एका घराचा फोटो काढून फेसबुकवर टाकला. पडकी भिंत, खिडकीला प्लास्टिक, दारात अनवाणी पोर. वर गावाचे नाव आणि मदतीचे आवाहन. दोनशे लाइक आले, नागपूरहून 'सलाम तुमच्या कार्याला' आले. आम्ही खूश. शनिवारी वर्गात नववीतली एक मुलगी आली नाही. शेवटी ती दारात उभी राहून म्हणाली, "बाची, ते आमचे घर आहे. तुमच्या घराचा फोटो असा टाकता का कधी?"

आम्ही काय बोलणार? आमच्यातल्या एकाचे बालपण नांदेडच्या ज्या वस्तीत गेले, तिथे दरवर्षी कोणी ना कोणी संस्थावाले कॅमेरा घेऊन यायचे. त्याची आई तेव्हा दार लावून घ्यायची. ज्या नजरेने आम्हाला पाहिले गेले त्याच नजरेने आम्ही त्या मुलीचे घर पाहिले होते. पोस्ट काढली, तिच्या आईवडिलांसमोर उभे राहून माफी मागितली. तिच्या वडिलांनी माफ केले. मुलगी दीड महिना वर्गात आली नाही. गावाचे नाव आम्ही का सांगत नाही, हे आता लक्षात आले असेल. करुणा आणि कीव यांत फरक आहे. कीव करणारा वरून खाली पाहतो. बुद्धाने करुणा शिकवली, कीव शिकवली नाही.

तिसरा धडा रक्ताचा. वस्तीत बहुतेक सगळे हंगेरियनच बोलतात, पण त्या नेनीला तिच्या आजीची भाषा थोडी आठवत होती. एके दिवशी तिने बोटे मोडत शब्द सांगितले. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, विस्तवाला याग आणि माणसाला मानुष. आमच्या अंगावर काटा आला. हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांच्या तोंडात पाणी अजून पाणीच होते!

पण मित्रहो, इथेच सावध राहिले पाहिजे. 'हे आपल्याच रक्ताचे' असे म्हणायला फार गोड वाटते. तेच गोड वाक्य दुसरेही बोलतात. २०१६ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली, तिथे देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी रोमांना भारताची लेकरे म्हटले. लेकरे म्हणायला काय जाते? भारतात राहिलेल्या लेकरांचे काय केले, हे कोण सांगणार? बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणारा सिद्धांत खोडून काढला. मग आपण रोमांशी नाते वंशावरून का जोडावे? आपले नाते रक्ताचे नाही, अनुभवाचे आहे. सातारच्या शाळेत भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागले. इथे न्यीरेजहाझा शहरातल्या दोन रोमा मुलांना मतिमंद ठरवून वेगळ्या शाळेत घातले गेले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २९ जानेवारी २०१३ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. गोणपाट वेगळे, पण वर्गाबाहेर बसवणारा हात तोच.

चौथा धडा आमच्या तिघांच्या आतला. परदेशात जात सुटते, असे आम्हाला वाटायचे. पहिल्याच महिन्यात भारतीय विद्यार्थ्यांच्या एका जेवणात आडनाव विचारले गेले, नंतर गाव विचारले गेले आणि मग पुढच्या जेवणाचे आमंत्रण आले नाही. त्याचे दुःख नाही, ते अपेक्षित होते. दुःख वेगळे आहे. आमच्या तिघांतला कल्याणचा मित्र मातंग समाजातून धम्मात आलेला. एका रात्री चळवळीवर बोलता बोलता आम्ही दोघे चार वेळा 'आपल्या लोकांत' म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या त्या 'आपल्या' शब्दात मी आहे का रे?"

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्याच आठवड्यात वस्तीत आम्ही पाहिले होते की रोमांमध्येही ओलाह, बेआश, रोमुंग्रो असे गट आहेत आणि एक दुसऱ्याकडे मुलगी द्यायला कुरकुरतो. तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो, यांच्यातही आपल्यासारखेच म्हणून. हसण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला होता? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असून 'आपले' या एका शब्दात जात लपून बसू शकते. त्या रात्रीपासून आम्ही रोज झोपण्याआधी दहा मिनिटे बसतो आणि दिवसभरात वाणीने काय चुकले ते एकमेकांना सांगतो. पंचशीलाचे चौथे शील आम्ही लहानपणापासून म्हणत होतो. पाळायला हंगेरीत लागलो.

पाचवा धडा अजून अर्धाच झाला आहे. वर्गात एक मुलगा आहे, गणितात आमच्यापेक्षा चलाख. इथे पूर्वी अठरा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे होते, नंतरच्या कायद्याने ते सोळावर आणले. या भागातले पोलादाचे कारखाने आणि खाणी १९९० नंतर बंद पडत गेल्या आणि सगळ्यात आधी रोमांची नोकरी गेली. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागला आणि नागपूरला जे झाले, तेच. मुलगा सोळाचा झाला आणि दुसऱ्याच सोमवारी सरकारी रोजगाराच्या कामावर झाडू घेऊन उभा राहिला. आम्ही त्याच्या बापाकडे गेलो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, सगळे सांगितले. बाप म्हणाला, "मी शिकलो असतो तरी कारखाना बंदच पडला असता. तुम्ही तिघे शिकून परत जाल. हा इथेच राहील."

याला उत्तर आमच्याकडे नव्हते, आजही नाही. मुलगा शनिवारी मात्र येतो. झाडू दाराशी ठेवतो आणि बीजगणित सोडवतो. एकदा त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून विचारले, हा कोटातला माणूस तुमच्याकडचा जिप्सी होता का? आम्ही म्हणालो, हो, तसेच समज. शाळेत शिपाई नसला तर त्याला दिवसभर पाणी मिळत नसे, कारण त्याला नळाला हात लावायची मनाई होती. मुलगा बराच वेळ फोटो पाहत राहिला. मग म्हणाला, "पुढचे उदाहरण द्या." एरेत्शेगी, म्हणजे इथली बारावी, तो बाहेरून देणार म्हणतो. देईल की नाही, माहीत नाही. त्याने दीक्षा घेतलेली नाही, आम्ही विचारलेलेही नाही.

रविवारी घरी फोन होतो. नागपूरची आई विचारते, "जेवला का रे बाबू?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "किती लोकायनं दीक्षा घेतली?" दोन वर्षांत उत्तर एकच आहे, एकानेही नाही. पहिल्या वर्षी हे सांगताना आवाज खाली जायचा. आता सांगतो, आई, सात मुलं शनिवारी टिकून आहेत, त्यातल्या चार मुली आहेत. आई थोडा वेळ थांबते आणि म्हणते, "मंग बरंच हाय की."

काही मित्र आम्हाला विचारतात, आपल्याच वस्त्यांत एवढे काम पडले असताना हंगेरीत कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की इथे आम्ही जे शिकलो ते आपल्याच वस्त्यांसाठी लागणार आहे. बुद्धाने पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी निघायला सांगितले, तेव्हा दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका, असेही सांगितले. आपण मात्र सगळे एकाच वाटेने, एकाच मैदानावर, एकाच तारखेला जातो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच भिक्खू हा समाजसेवक हवा, हा मुद्दा उभा केला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाला उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यायला सांगितले आणि दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला दिला. अधिकार आपण आनंदाने घेतला. विसाव्या हिश्श्याचे काय केले?

पैसा नसेल तर वेळ द्या. आठवड्याचे १६८ तास असतात, त्याचा विसावा हिस्सा होतो साधारण साडेआठ तास. एक शनिवार. ज्याच्या गावाजवळ वस्ती आहे त्याने तिथे जावे. मूर्ती नंतर न्या, भाषण नंतर करा. आधी विचारा, काय भरून आणू? वडार वस्ती असेल, पारधी पाल असेल, मातंग वाडा असेल, 'आपल्या' शब्दात त्यांना आधी घ्या. मग बुद्ध सांगा.

हे लिहीत आहोत तेव्हा शुक्रवारची रात्र आहे. बाहेर बर्फ पडतो आहे. उद्या सकाळची बस आहे. नेनीने दोन कॅनचे आता तीन केले आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!