चिखलात भिजलेले वस्त्र

सेमिनरीच्या ग्रंथालयात कलाविषयक एका जाडजूड ग्रंथात आम्ही एक चित्र पाहिले होते. बसलेल्या व्यक्तीच्या गुडघ्यांवरून खाली ओघळलेले भरघोस वस्त्र. चुणीचुणीत छाया, कडेकडेवर उजेड. मात्र त्या व्यक्तीला मस्तकच नव्हते. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असून ते लिओनार्दो दा विंचीचे मानले जाते. वस्त्र आहे आणि माणूस नाही, याचे आम्हांला तेव्हा केवळ नवल वाटले.

लिओनार्दोचा चरित्रकार वासारी सांगतो की, तो मातीच्या मूर्ती घडवी, ओल्या मातीत बुडवलेल्या मऊ चिंध्या त्यांवर पांघरी आणि त्यांच्या चुण्या निरखीत तलम कापडावर कुंचल्याने ही चित्रे काढी. त्याचे फ्लॉरेन्स नगर लोकर आणि रेशीम यांच्या व्यापारावर संपन्न झाले होते. अंगावरील कापडावरून तेथे माणसाची पायरी ओळखली जाई. त्याच्याही आधी, १३४३ ते १३४५ या काळात, तेथील स्त्रियांच्या किमती वस्त्रांची सरकारी नोंद झाली होती. नाझरेथच्या सुताराच्या घरी नांदलेल्या पवित्र मरियेलाही चित्रकारांनी अफगाणिस्तानातून येणाऱ्या मौल्यवान दगडाच्या निळ्या रंगाचा झगा दिला. त्यामागे भक्ती होतीच. पण मान द्यायचा तर वस्त्र उंची हवे, ही जुनी समजूतही होती.

ती समजूत आमच्याही मनात दडलेली आहे, हे एका पावसाळ्यात कळले. भाताची लावणी चालू होती. दुपारी एक तरुण चर्चच्या कार्यालयाच्या दाराशी आला. कपडे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. काही मदत मागायला आला असेल, असे समजून आम्ही म्हणालो, ‘‘जरा बाहेर थांब.’’ तेवढ्यात कोट घातलेले एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला आले. त्यांना आम्ही खुर्ची दिली, चहा दिला. अर्धा तास गेला.

ते गेल्यावर तरुण हलकेच म्हणाला, ‘‘फादर, आईचं काही खरं नाही. तिला कुमसार करायचाय. तुम्ही येता का?’’

आम्ही धावलो. पवित्र तेल लावले, प्रार्थना केली; पण माउलीची शुद्ध हरपली होती. कुमसार राहिला तो राहिलाच. तिचा मुलगा आम्हांला एका शब्दानेही बोलला नाही. उलट निघताना छत्री धरून रस्त्यापर्यंत पोहोचवायला आला.

सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा देणाऱ्यांना संत याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. त्या उताऱ्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले होते.

आता ते मस्तक नसलेले चित्र आठवले की नवल वाटत नाही, शरम वाटते. चित्रकाराने मस्तक काढले नव्हते. आमच्यासमोर तर ते होते, आणि आम्ही वस्त्रच पाहत राहिलो. लिओनार्दोने मात्र चिखलात भिजलेल्या चिंधीपुढे बसून तिची एकेक चुणी आदराने न्याहाळली होती.