साठवणीचं गणित

बी कधी एका जागी ठेवू नये, हे माझ्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं. आजी म्हणजे आईची आई. बाजरीची भरलेली कणसं ती निवडून काढी, दाण्यांना राख लावी आणि मडक्यांत भरी. एक मडकं माजघरात, एक माळ्यावर आणि पायलीभर बी लेकीच्या सासरी, म्हणजे आमच्या घरी. खायचं धान्य संपलं तर उसनं मिळतं. बी गेलं तर वर्ष जातं. "खायचं वेगळं, पेरायचं वेगळं," एवढंच ती म्हणे.

मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिलीच. तेव्हा काही जण म्हणतील, मराठी वाङ्मय घेतलेल्या मुलीनं संगणकाच्या डिस्कांवर कशाला लिहावं? ते शास्त्र शाखेच्या मुलांना सोपवावं. पण साठवणीचा प्रश्न शाखा विचारून घरात येत नाही. आमच्याकडे तो मामाच्या फोटो स्टुडिओतून आला.

मामाचा स्टुडिओ तालुक्याच्या गावी, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे, आणि दहाव्याला हार घालून ठेवायचे फोटो. मी शिकायला त्याच्याकडे राहते आणि संध्याकाळी अल्बमची जुळवाजुळव करते. एका लग्नाचे फोटो आणि चित्रीकरण मिळून शंभर गिगाबाइट सहज होतात. वीस लग्नं झाली की दोन टेराबाइट. जागा पुरेना, तेव्हा एका दुरुस्तीवाल्यानं चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क जोडून आठ टेराबाइटची एकच मोठी डिस्क करून दिली. पडद्यावर एकच भलंमोठं कपाट दिसू लागलं. मामा खूश झाला.

गेल्या ज्येष्ठात त्यातली एक डिस्क टकटक करू लागली आणि दुसऱ्या दिवशी गप्प झाली. मामाला वाटलं, निम्मे फोटो तरी राहिले असतील. हाती एकही लागला नाही.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावची एक बाई आली. तिच्या लग्नात तिचे वडील कुणाशीतरी बोलता बोलता हसले होते, तो फोटो तिला हवा होता. वडील नुकतेच वारले होते. अल्बमात तो फोटो निवडला गेला नव्हता, पण काढल्याचं तिला पक्कं आठवत होतं. मामा खाली बघत राहिला. "असू द्या दादा," असं म्हणून तिनं चपला घातल्या आणि ती गेली. बिघडलेल्या डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या एका ठिकाणी आम्ही विचारून पाहिलं, तर त्यांनी मामाची अख्ख्या हंगामाची कमाई मागितली, तीही खात्री न देता.

तेव्हापासून मी वाचायला बसले. सगळं इंग्रजीत. ग्रंथालयातला शब्दकोश शेजारी घेऊन एकेक पान दोन-दोन दिवस वाचलं. आणि कळलं ते असं की हे काही जादूटोण्याचं शास्त्र नाही. आजीच्या मडक्यांचंच गणित आहे.

संगणकाची पहिली डिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ मध्ये बाजारात आणली. चोवीस इंची पन्नास तबकड्या एकावर एक, आकार कपाटाएवढा, आणि त्यात मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरं. मामाच्या कॅमेऱ्यातला एक कच्चा फोटोसुद्धा त्यात आज मावणार नाही. तबकड्या लहान झाल्या, साठा लाखो पटींनी वाढला, पण एक गोष्ट तशीच राहिली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर अगदी थोडं अंतर राखून वाचणारं टोक सरकतं. जे फिरतं ते झिजतं. डिस्क मरेल का, हा प्रश्नच नाही. कधी मरेल, एवढाच प्रश्न आहे.

आता दोन डिस्क नुसत्या जोडून एक केल्या तर काय होतं? समजा, एक डिस्क वर्षभरात मरण्याचा संभव शंभरात पाच आहे. अशा चार डिस्कांवर मजकूर पट्ट्यापट्ट्यांनी वाटून टाकला, तर चारांपैकी कुठलीही एक मेली की सगळंच संपलं. हा संभव जवळजवळ शंभरात एकोणीस होतो. म्हणजे डिस्क वाढल्या तशी जागा वाढली, वेगही वाढला, आणि धोकासुद्धा वाढला. एकाच दोरानं चार बैल बांधावेत आणि एक विहिरीत पडला की चारही ओढले जावेत, तसं हे. मामाच्या कपाटाचं असंच झालं होतं.

यावरचा उपाय १९८८ साली एका निबंधानं जगापुढं नीट मांडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी तो लिहिला. त्यांचं म्हणणं असं की एका महागड्या थोरल्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त लहान डिस्क एकत्र लावाव्यात. मात्र त्यांत थोडा साठा जादा ठेवावा, म्हणजे एखादी मेली तरी काम अडत नाही. या मांडणीला त्यांनी 'रेड' असं नाव दिलं. गरिबाच्या वस्तूंनी श्रीमंताचं काम करून घेण्याची ही युक्ती मला फार आवडली.

या युक्तीचे दोन मार्ग मुख्य आहेत. पहिला आरशाचा. एका डिस्कवर जे लिहायचं तेच दुसरीवरही लिहायचं. एक गेली तर दुसरी आहेच. समजायला सोपं, पण निम्मी जागा खर्ची पडते.

दुसरा मार्ग समविषमाचा. संगणकाचा सगळा मजकूर शेवटी शून्य आणि एक यांचाच. तीन डिस्कांवर एका जागी १, ० आणि १ असे आकडे आहेत असं समजा. चौथ्या डिस्कवर असा आकडा लिहायचा की चौघांची बेरीज सम व्हावी. इथं बेरीज दोन, म्हणजे समच आहे. म्हणून चौथा आकडा ०. आता दुसरी डिस्क मेली. उरले १, १ आणि ०. बेरीज सम व्हायची तर हरवलेला आकडा ० च असला पाहिजे. हरवलेलं असं उरलेल्यांतून परत मिळतं. हे मला उमगलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी वहीवर पुन्हा पुन्हा आकडे पुसून ते परत काढत होते. चार टेराबाइटच्या चार डिस्क अशा लावल्या की बारा टेराबाइट जागा मिळते आणि कुठल्याही एकीचं मरण सोसतं. दोन मरणं सोसायची असतील तर हिशेबाचे आकडे दुहेरी ठेवावे लागतात. मग जागा आठच टेराबाइट.

यात एक मेख आहे. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की तिच्यावरचा मजकूर पुन्हा रचण्यासाठी बाकीच्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कांना त्याला कित्येक तास, कधी दिवसाहूनही जास्त लागतात. त्या एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच वयाच्या असल्या तर एकीपाठोपाठ दुसरीही आजारी पडू शकते. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेलं असतं की एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचताना फार तर एक जागा वाचता न येण्याची शक्यता धरावी. हा आकडा प्रचंड वाटतो, पण तो भरतो साडेबारा टेराबाइट. म्हणून मोठ्या डिस्क असतील तर एकेरी हिशेबावर विसंबू नये, असं जाणकार सांगतात.

आणखी एक मूक शत्रू आहे. डिस्क जिवंत असते, पण तिच्यावरचा एखादा आकडा नकळत बदलतो. फोटोवर मध्येच हिरवी पट्टी उमटते. आरशाच्या दोन डिस्कांत फरक पडला, तर खरी कुठली हे साध्या आरशाला सांगता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं तयार केलेल्या आणि २००५ मध्ये सर्वांना खुल्या केलेल्या 'झेडएफएस' या रचनेत प्रत्येक तुकड्याची खूण वेगळी नोंदवलेली असते. वाचताना खूण जुळली नाही, तर ती दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेते आणि बिघडलेली दुरुस्त करते. मात्र अधूनमधून सगळा साठा तपासून घ्यावा लागतो, जसं पावसाळ्यानंतर धान्य उन्हात घालून किडे बघतात.

हे सगळं मी मामाला सांगितलं. तो ऐकत होता. मग मी म्हणाले, "पण मामा, एवढं केलं तरी ही सुरक्षित साठवण होत नाही."

तो चिडलाच. "मग काय डोकं फोडू?"

खरंच आहे. आरसा असो की समविषम, तो फक्त डिस्कच्या मरणावरचा उतारा आहे. कुणी चुकून फोटो पुसले तर आरशातूनही ते त्याच क्षणी पुसले जातात. वीज पडली, चोरी झाली, घरात पाणी शिरलं, तर चारही डिस्क एकाच पेटीत आहेत. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेमुळं त्याचा बराचसा साठा पुसला गेला आणि ठेवलेली जादा प्रतही नीट निघाली नाही. बाळंतपणामुळं घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून काम वाचलं. एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी लेकीच्या सासरचं मडकंच उपयोगी पडलं म्हणायचं!

म्हणून ३-२-१ असा एक नियम सांगतात. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या गावी. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली तरी तरली, अशी आपल्याकडची श्रद्धा. लोक असंही सांगतात की ती लोकांना मुखोद्गत होती म्हणून टिकली. नियम तोच आहे. एका वहीवर जे विसंबून नसतं त्याला नदी बुडवू शकत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. जुन्याच संगणकावर लिनक्स घातलं आणि चार टेराबाइटच्या दोन नव्या डिस्क, दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणून, झेडएफएसच्या आरशात लावल्या. त्या दोन मिळून एकच प्रत धरायची. जुन्या जोडीतली वाचलेली डिस्क कसून तपासली, कोरी केली आणि तिच्यावर दुसरी प्रत घेतली. ती डिस्क आमच्या घरी, आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत असते. महिन्यातून एकदा घरी जाताना मी ती घेऊन येते आणि ताजी करून पुढच्या खेपेला परत नेते. तिसरी प्रत गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवर. निवडलेले आणि न निवडलेले, सगळे फोटो. हे त्या बाईंमुळं ठरलं.

"तिघींचे पैसे द्यायचे आणि जागा एकीची?" मामानं विचारलं होतं.

"खायचं वेगळं, पेरायचं वेगळं," मी म्हणाले. आपल्या आईचे शब्द ऐकून तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात डिस्क आल्या.

बारीकसारीक गोष्टीही कराव्या लागतात. प्रत्येक डिस्कवर तिचा क्रमांक चिकटवला, म्हणजे एखादी बिघडली तर भलतीच काढली जाणार नाही. वीज जाते म्हणून बॅटरीचा यूपीएस बसवला. दर महिन्याच्या एक तारखेला तपासणी लावली. आणि दोन महिन्यांतून एकदा, घरून आणलेल्या डिस्कवरचे कुठलेही दहा फोटो उघडून बघतो. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न उघडलेलं मडकं. आत बी आहे की भुंगे, कोण सांगणार? जागा वाढवायची वेळ आली की पुन्हा तीन डिस्क घ्यायच्या, हे मामानं आता दरातच धरलं आहे.

ती बाई पुन्हा आली नाही. एवढं सगळं करूनही तिला द्यायला आमच्याकडे काही नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरांत कागदाची परंपरा नाही. माझ्या पणजोबांचा फोटो नाही, पत्र नाही. सावकाराच्या कागदावर उमटलेला अंगठा तेवढा असेल, तोही आमच्याकडे नाही. आता पहिल्यांदाच आपल्या हातात आजीचा आवाज, वडिलांचं हसू, स्वतःच्या कविता अशी साठवण आली आहे. मोठ्यांची दप्तरं सांभाळायला पुराभिलेखागारं आहेत. आपलं दप्तर आपल्यालाच सांभाळायचं आहे. आज घरी गेल्यावर एवढंच करा. तुम्हाला जीव की प्राण असलेला एक फोटो शोधा, आणि तो किती ठिकाणी आहे ते बोटांवर मोजा. एकच बोट वर राहिलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

— द्वितीय वर्ष, कला