बिशप मोठा की कमिटी?



गेला महिनाभर भंडाऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या चर्चवाल्यांत एकच विषय आहे. पाळक कोणी ठरवायचा? एक म्हणतो, बिशपचा शब्द शेवटचा. दुसरा म्हणतो, वर्गणी आम्ही देतो, मग आम्हाले विचारत नाही काऊन? व्हॉट्सअ‍ॅपवर तर "तू खरा ख्रिस्तीच नाहीस" इथवर गाडी गेली. ते वाचून राहवलं नाही.

खरं म्हणजे दोघंही आपापल्या आजोबा-पणजोबांचंच बोलतात. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. हे फ्री चर्च 1843 मध्ये जन्मलं कशावरून? पाळक मंडळीनं निवडायचा की जमीनदारानं नेमायचा, यावरून! चारशेहून जास्त पाळक पगार, घर सोडून बाहेर पडले. दुसरीकडे इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर अँग्लिकन चर्च आलं. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल त्यांचं. 1903 पासून नागपूरला स्वतंत्र बिशपही मिळाला.

दोघांची श्रद्धा लिहून ठेवलेली आहे. (22 प्रतिज्ञा पाठ असलेल्या आपल्या जिल्ह्याला लेखी श्रद्धेचं वजन वेगळं सांगायला नको.) अँग्लिकनांची 1571 ची 39 कलमं, प्रेस्बिटेरियनांचा 33 प्रकरणांचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार. गंमत म्हणजे हा दुसरा इंग्लंडच्या पार्लमेंटनं लंडनमध्ये बसवून लिहून घेतला आणि 1647 मध्ये स्कॉटलंडनं आपला मानला.

तारण कृपेनं, विश्वासानं, यावर दोघांचं जवळजवळ एकमत. फरक पुढे पडतो. 39 कलमांत देव काहींना जीवनासाठी निवडतो, एवढंच. वेस्टमिन्स्टर पुढे जाऊन सांगतं की उरलेल्यांचा नाशही आधीच ठरलेला. मला हे कधीच पचलं नाही. उपासनेचे विधी ठरवायचा अधिकार 20वं कलम चर्चला देतं. वेस्टमिन्स्टर म्हणतं, शास्त्रात नाही ते उपासनेत नको. रविवारचा शब्बाथ 39 कलमांत नाही, वेस्टमिन्स्टरमध्ये कडक आहे. माझी आजी रविवारचा स्वयंपाक शनिवारीच उरकायची, ते तिथूनच आलं असावं.

पण आजच्या वादाचं मूळ 36व्या-37व्या कलमात. तिथे बिशपांचा अभिषेक आणि राजाची सत्ता मान्य आहे. वेस्टमिन्स्टरचं 30वं प्रकरण सांगतं, चर्चचा राजा ख्रिस्त, कारभार चर्चच्या अधिकाऱ्यांकडे, सरकारपासून वेगळा.

मग हे दोघं एकत्र कसे आले? 29 नोव्हेंबर 1970 ला, आपल्या नागपुरातच, सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बिशप राहिले. पण सिनड, डायोसीजन कौन्सिल आणि पास्टोरेट कमिटीत साध्या सभासदांनाही जागा मिळाली. प्रेषितांचा आणि नायसीन विश्वासांगीकार समाईक धरला. आणि कोणाची दीक्षा खरी, हा वाद न घालता प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. मला तरी ही विदर्भातली फार मोठी घटना वाटते, पण आमच्या पोरांना ती माहीतच नाही.

त्यामुळे "बिशपच" म्हणणारा अर्धा करार विसरतो, "कमिटीच" म्हणणारा उरलेला अर्धा. चर्चचं संविधान दोघांपैकी कोणी उघडलेलं दिसत नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर ते मोठ्यानं वाचावं, अशी चिठ्ठी मी दिली आहे.

कमेंटमध्ये शिव्या नको बापा, कलम सांगा.